बायची आंगवण: वेळांकण्णीच्या एका यात्रेचं प्रकरण

गेल्या चतुर्थीच्या आठ-दहा दिवस आधीची गोष्ट. शेजारची मुलगी संध्याकाळी आमच्या सोप्यावर येऊन बसली. हातात बिस्किटांचा जुना, गोल, पत्र्याचा डबा. म्हणाली, "मास्तर, ममीला तुम्हीच समजवा. तुमचं ती ऐकते." झाकण काढून तिने डबा माझ्यापुढे केला. आत दहाच्या, वीसच्या, शंभरच्या घडी घातलेल्या नोटा, थोड्या एक रुपयाच्या, आणि तळाशी २०१६ साली रद्द झालेल्या पाचशेच्या चार. पावसाळ्यात बंद कपाटाला येतो तसा वास.

"वेळांकण्णीचे पैसे हे. मी चार-पाच वर्षांची होते तेव्हापासून ममी साठवतेय. आता पप्पा गेले, हिचे गुडघे गेले, आणि आता म्हणते जायचंच."

मी म्हापशाचा, मराठी शाळेत जन्म घालवलेला माणूस. या मुलीच्या आईला मी आणि माझी बायको बाय म्हणतो. ती मला मास्तर म्हणते आणि हिला वयनी. दोन घरांत एक भिंत आहे आणि चाळीस वर्षांचा शेजार. तरीही तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वेळांकण्णीसारख्या, मरियामाता कोणाला तरी दिसली असं मानतात त्या जागा म्हणजे काय आणि माणसं तिथे का जातात, हे मला या प्रकरणापर्यंत नीट ठाऊक नव्हतं. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतो आहे. नावं मुद्दाम घालत नाही.

मूळ गोष्ट

बायचा नवरा तारवटी, म्हणजे खलाशी. तेलाच्या जहाजांवर नोकरी. १९८७ साली इराण-इराक युद्ध चालू होतं आणि आखातात तेलवाहू जहाजांवर हल्ले होत होते. त्या वर्षी सात आठवडे त्याचं पत्र आलं नाही. मुंबईच्या ऑफिसातून एकच उत्तर, कळलं की कळवतो. पदरात लहान मूल, घरात सासू. बाय रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची आणि रात्री जागी राहायची. तिची एक नणंद वेळांकण्णीला जाऊन आली होती. तिने सांगितलं, ती दर्यावर्द्यांची सायबीण, म्हणजे मरियामाता, आहे, तिला आंगवण कर.

आंगवण म्हणजे नवस. गोव्यात हिंदूही हाच शब्द वापरतात, ख्रिस्तीही. बायने ती केली तेव्हाचे शब्द तिला अजून पाठ आहेत: घोव दारात येऊन उभा राहिला तर मी तुझ्या दारात येईन, रेतीतून चालत.

डिसेंबरात तो आला. दाढी वाढलेली, खांद्यावर ट्रंक.

आणि मग जाणं राहिलं. तो घरी असायचा तेव्हा सुट्टी थोडी आणि कामं ढीगभर. नसायचा तेव्हा सासूला टाकून जायचं कसं. घर बांधलं, मुलीचं शिक्षण झालं, लग्न झालं. पैसे आले की थोडे डब्यात जायचे, एवढंच नेमाने झालं. नोकरी संपल्यावर त्याचं हृदय बिघडलं. गेल्या वर्षी तो गेला. महिन्याच्या मिसेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, बायची झोप उडाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळीवरही ती तीन वाजता उठून बसायची आणि मुलीला एकच सांगायची, "देणं राहिलंय."

आक्षेप

मुलीचं म्हणणं सरळ होतं आणि मला तेव्हा पटलंही. माता एकच. मग ती इथे दहा मिनिटांवर असताना हजाराहून जास्त किलोमीटर जायचं कशाला?

म्हापशाच्या सां जेरोनिमच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, मिलाग्रीस सायबीण आहे. इगर्ज मूळची १५९४ सालची. ईस्टरनंतर पंधरवड्याने येणाऱ्या सोमवारी तिचं फेस्त, म्हणजे उत्सव, असतो, आणि त्या रांगेत तेलाची बाटली आणि फुलं घेऊन उभे राहणाऱ्यांत आमच्यासारखे हिंदू घरचे कितीतरी असतात. लोकांच्या मनात ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण आहे. सात बहिणींपैकी एक. शिरगावहून तिला फुलं येतात, तिच्याकडून देवीला तेल जातं. माझी आई दर वर्षी जायची आणि मिराबाईला भेटून आले म्हणायची. असा आमचा म्हापसा. शिवाय वाड्यावर सायबीण घरोघर फिरते. लाकडी पेटीतली छोटी मूर्ती छत्री धरून, मेणबत्त्या लावून एका घरातून दुसऱ्या घरी नेतात, तेर्स होतो, गाणी होतात, शेवटी उकडलेले चणे. माता आपणहून घरी येत असताना तिच्याकडे जायची गरज काय, हा प्रश्न खोडसाळ नव्हता.

बायच्या भाच्याचा आक्षेप वेगळ्या बाजूचा. तो काही वर्षांपूर्वी बिलिव्हर, म्हणजे वेगळ्या ख्रिस्ती पंथाचा, झाला. त्याच्या मते बायबलात यातलं काही नाही, प्रार्थना थेट देवाला करायची, मूर्तीपुढे मेणबत्ती लावणं हेच चूक. तो हे रागाने बोलत नसे, त्याला मावशीची खरोखर काळजी होती. पण दर रविवारी तो हे ऐकवून जायचा आणि बाय सोमवारी दिवसभर गप्प असायची.

हाडांच्या डॉक्टरांनी गुडघे टेकायला साफ मनाई केली, प्रवासाला नाही.

फादरांकडे

मी समजवायला गेलो नाही. आधी समजून घ्यावं म्हणून इगर्जीत फादरांकडे गेलो. हे फादर मराठी वाचणारे. १६१६ साली राशोलला छापलेल्या ख्रिस्तपुराणामुळे आमची जुनी ओळख. येशूची आणि मरियेची कथा मराठी ओवीत आणणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्सबद्दल आम्ही दोघे तासन् तास बोलू शकतो. त्या दिवशी मात्र मी सरळ विचारलं, वेळांकण्णीला माता खरंच दिसली होती का?

ते म्हणाले, हा प्रश्न चर्चही विचारतं आणि फार सावकाश विचारतं. कोणी सांगितलं की मला माता दिसली, तर आधी तिथला बिशप चौकशी करतो. सांगणारा खोटं बोलतो आहे का, आजारी आहे का, यातून कोणाला पैसा किंवा मान मिळतो आहे का, सांगितलेलं मूळ शिकवणीच्या विरुद्ध जातं का. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ साली बर्नाडेट सूबिरू या चौदा वर्षांच्या मुलीला ११ फेब्रुवारी ते १६ जुलै या काळात अठरा वेळा दर्शन झालं. पोलिसांनी तिची उलटतपासणी केली. बिशपचा निर्णय १८६२ साली आला. पोर्तुगालमधल्या फातिमाला १९१७ साली मेंढ्या राखणाऱ्या तीन मुलांना दर्शन झालं. मान्यता १९३० साली. लूर्दला बरं झाल्याचा दावा करणारी प्रकरणं सात हजारांवर नोंदली गेली. डॉक्टरांनी तपासून आणि बिशपांनी विचार करून चमत्कार म्हणून मानलेली सत्तरच्या आसपास आहेत.

हा आकडा मी घरी येऊन परत परत घोळवला. सात हजारांत सत्तर. चमत्कार विकायला बसलेली संस्था असं प्रमाण ठेवत नाही.

पुढची गोष्ट मला त्याहून नवी होती. चर्चने मान्य केलेल्या दर्शनावरही विश्वास ठेवायला कोणी कॅथलिक बांधलेला नाही. हे खाजगी दर्शन. श्रद्धेचा मूळ ठेवा येशूबरोबर पुरा झाला, त्यात यातून काही भर पडत नाही. २०२४ च्या मे महिन्यात व्हॅटिकनने नियम नव्याने घालून दिले, तेव्हापासून हे अलौकिकच आहे असा शिक्का सहसा मारलाही जात नाही. सगळ्यांत वरचा शेरा म्हणजे, लोकांनी इथे यायला आमची आडकाठी नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वेळांकण्णीबद्दल तंजावरच्या बिशपांना रोमहून पत्र आलं. तिथल्या भक्तीचं त्यात कौतुक आहे, आणि ख्रिस्ती नसलेले लोकही तिथे दिलासा शोधायला येतात हे मान्य केलं आहे.

"म्हणजे तुम्ही दर्शनाची साक्ष काढत बसला आहात," फादर म्हणाले, "आणि तुमच्या शेजारणीने तो प्रश्न कधी विचारलेलाच नाही."

भाच्याच्या आक्षेपावर त्यांनी काना नावाच्या गावातल्या लग्नाची गोष्ट सांगितली. योहानाच्या शुभवर्तमानात आहे. लग्नघरात द्राक्षारस संपतो. मरिया येशूला एवढंच सांगते की यांच्याकडे द्राक्षारस उरला नाही, आणि नोकरांना म्हणते, तो सांगेल ते करा. आराधना एकट्या देवाची. मातेकडे जायचं ते तिने आपली अडचण त्याच्या कानावर घालावी म्हणून. हे मला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या घरी आजोबांकडे काही मागायचं तर आम्ही आजीकडे जायचो.

ज्यांना ती दिसली ती माणसं

वेळांकण्णीच्या कथा परंपरेने चालत आल्या आहेत. साधारण सोळाव्या शतकातली पहिली. एक पोरगा नागपट्टिणमला मालकाकडे दूध घेऊन चालला होता. तळ्याकाठी वडाखाली जरा टेकला. समोर लेकरू घेतलेली बाई. तिने लेकरासाठी दूध मागितलं, त्याने दिलं. उशीर झाला, दूध कमी भरणार म्हणून भीत भीत मालकाकडे गेला तर भांडं भरलेलं. पुढे एक पांगळा पोरगा, ताक विकणारा. त्याच्याकडेही तिने लेकरासाठी ताकच मागितलं, आणि नागपट्टिणमला जाऊन एका ख्रिस्ती गृहस्थाला निरोप दे म्हणाली. निरोप द्यायला उठला तेव्हा पोराला कळलं की आपण चालतो आहोत. त्या जागी झोपडीसारखं कपेल, म्हणजे छोटं चर्च, झालं. नंतर वादळात सापडलेले पोर्तुगीज खलाशी ८ सप्टेंबरला, म्हणजे मातेच्या जन्मदिनी, या किनाऱ्याला लागले आणि त्यांनी पक्कं कपेल बांधलं. १९६२ साली त्या इगर्जीला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला.

या गोष्टी ऐकताना मी मास्तर म्हणून एका जागी थांबलो. दूधवाला पोरगा, ताकवाला पोरगा, लूर्दची दम्याची मुलगी, फातिमाची मेंढपाळ पोरं. मेक्सिकोच्या ग्वादालूपेला १५३१ साली ज्याला दर्शन झालं तो ह्वान दिएगो तिथला मूळ रहिवासी, आणि कथेप्रमाणे माता त्याच्याशी त्याच्या नाह्वात्ल भाषेत बोलली. बर्नाडेटला फ्रेंच धड येत नव्हती. तिच्याशी बोलणं झालं ते तिच्या गावच्या बोलीत. राजाची, शाळेची, पाद्र्यांची भाषा बाजूला ठेवून. ज्यांनी आयुष्यभर पोरांना प्रमाण बोल, नीट बोल म्हणून सुधारलं, त्यांनी यावर थोडा विचार करावा. मी केला. या जागांची ओढ मला तिथेच दिसते. ज्याचं कचेरीत कोणी ऐकत नाही, त्याच्याशी तिथे कोणीतरी त्याच्या घरच्या भाषेत बोललं होतं. माणूस विचार करतो, मग माझंही ऐकेल.

आणि वेळांकण्णीत तर तिने आधी मागितलं. वाटीभर दूध.

प्रवास

आम्ही सप्टेंबरातलं फेस्त टाळलं. २९ ऑगस्टला झेंडा चढतो तेव्हापासून ८ सप्टेंबरपर्यंत तिथे पाय ठेवायला जागा नसते. वास्कोहून खास गाड्या सुटतात त्या याच दिवसांत. जानेवारीत निघालो. बाय, तिची मुलगी, मी आणि माझी बायको. मुलगी शेवटपर्यंत नाखूश होती, पण आईला एकटीला सोडणार नव्हती. तिच्या मनात आणखी एक होतं आणि ते तिने मडगावच्या फलाटावर बोलून दाखवलं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा वेळांकण्णीच्या किनाऱ्यावर शेकडो माणसं गेली, त्यांत यात्रेला आलेले कितीतरी. "ते पण नवस फेडायलाच आले होते ना?"

बायने ऐकलं. ती म्हणाली, हो. आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

गाडी रात्रीची. दूधसागर अंधारात मागे पडला. पुढचा सगळा दिवस डब्यात गेला. आमच्याच डब्यात साळशेतचं एक कुटुंब होतं, तेर्स सुरू झाला की दोन्ही कंपार्टमेंटांतून आवाज मिळायचे. मध्यरात्री उतरलो. ज्यांच्यामार्फत खोली घेतली होती त्यांनी तळमजला कबूल करून दुसऱ्या मजल्यावरची दिली, आणि बायला ते जिने चढवताना मुलीचा राग अनावर झाला. राग रास्त होता.

सकाळी पांढरी बॅसिलिका, आत साडी नेसलेली माता. माझ्या बायकोने हात जोडले आणि हळूच म्हणाली, "अगो, ही तर आपल्यासारखी." बाहेर दुकानांत पातळ पत्र्याची चित्रं मिळतात. हात, पाय, डोळा, पाळणा, घर. बायने जहाज घेतलं. पिंपळपानाएवढं, तितकंच पातळ. पायरीवर बसून पिशवीतल्या सेफ्टी पिनने त्याच्यावर काहीतरी कोरू लागली. पत्रा वाकू नये म्हणून खाली पासबुक धरलेलं. कोरून झाल्यावर तिने पदराने पुसलं आणि मला दाखवलं: नवऱ्याचं नाव, आणि १९८७.

मग रेतीची वाट. बॅसिलिकेपासून जुन्या तळ्याच्या जागेकडे जाणारी ही वाट मुद्दाम मऊ रेतीची ठेवली आहे. लोक तिच्यावरून गुडघ्यांवर जातात. कोणी तरुण मुलगा, कोणी मूल कडेवर घेतलेली बाई, मुंडन केलेली माणसं. बायने चपला काढल्या, काठी घेतली. दहा पावलं, थांबा. रेतीत काठी रुतायची. पाचव्या-सहाव्या थांब्याला तिचा चेहरा दुखण्याने पांढरा पडला. माझ्या बायकोला राहवलं नाही. ती म्हणाली, "बाय, तू हांगा बस. हांव वतां तुज्या बदला." तू इथे बस, तुझ्याऐवजी मी जाते. आणि खरंच पदर खोचून गुडघ्यांवर बसली.

बायने काठीचा हात सोडून तिच्या खांद्यावर ठेवला. "ना गो वयनी. आंगवण म्हजी, पांयय म्हजे." नवस माझा, पायही माझेच.

इथे मला मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि ते फादरांच्या खोलीत मिळालेल्या सगळ्या माहितीहून जास्त खरं वाटतं. मिलाग्रीस सायबीण आणि वेळांकण्णीची सायबीण एकच, हे बाय कधी नाकारत नव्हती. पण शब्द दिला होता तो या दाराचा, या रेतीचा. कर्ज एका घरी घ्यायचं आणि फेडायचं शेजारच्या घरी, दोघे भाऊच आहेत म्हणून, असं होत नाही. ख्रिस्ती धर्मात यात्रा सक्तीची नाही, कोणालाच नाही. माणूस स्वतःला बांधून घेतो, म्हणूनच ते दुसऱ्याला सोडवता येत नाही.

ती वाट चालायला तिला दीड तास लागला. मुलगी आईच्या मागे एक पाऊल ठेवून चालत होती, हात पुढे धरून, आई पडली तर धरता यावं म्हणून. शेवटच्या टप्प्यात तीही अनवाणी होती. चपला तिने कधी काढल्या ते मी पाहिलं नाही.

संध्याकाळी किनाऱ्यावर बायने एक तेर्स त्सुनामीत गेलेल्यांसाठी म्हटला. मुलीच्या फलाटावरच्या प्रश्नाला तिने दुसरं उत्तर दिलं नाही, मीही देणार नाही. जे त्या दिवशी वाचले त्यांची गोष्ट सांगून जे गेले त्यांना बाजूला सारणारा भाविकपणा मला कधीच पटलेला नाही. बायनेही तसं केलं नाही.

नंतर

गुडघे तसेच आहेत. गोव्यात परतल्यावर आठवडाभर तिला उठता येत नव्हतं, हाडांचे डॉक्टर रागावले. भाच्याने रविवारी येऊन विचारलं की मग मिळालं काय. बाय म्हणाली, गुडघ्यांसाठी गेलेच नव्हते. झोपेची गोळी महिनाभराने डॉक्टरांनी अर्धी केली, आता बंद आहे. दिलेला शब्द पुरा झाल्याने झोप आली, नवऱ्याचं दुःख जुनं होत गेल्याने आली, की तीन माणसं तिच्याबरोबर तीन दिवस राहिली त्याने, हे वेगळं करून सांगता येण्यासारखं नाही. भिंतीपलीकडून तीन वाजताचा खुर्ची सरकल्याचा आवाज येत नाही, एवढं मी सांगू शकतो.

तिथून आणलेल्या तेलाची एक छोटी बाटली आमच्या देवघरात आहे. एप्रिलात मिलाग्रीसच्या फेस्ताला बाय आणि माझी बायको एकाच रांगेत उभ्या होत्या.

डबा मुलीने परत आईकडे दिला. चालणाऱ्या नोटा तिकिटांत आणि खोलीत संपल्या होत्या. पाचशेच्या चार तळाशी तशाच आहेत, आणि त्यांच्यावर आता बायने मडगाव ते वेळांकण्णीच्या तिकिटाचा कागद चौघडी घालून ठेवला आहे.